फावडे घेऊन आलेले पाहुणे

वैनगंगा नदी दक्षिणेकडे वाहत जाते. परंतु मार्कंडा या गावापाशी ती मोठे वळण घेते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. या उत्तरवाहिनी प्रवाहाच्या काठी मार्कंडेश्वराचे मंदिर व त्याच्या भोवतालची लहानमोठी देवळे उभी आहेत. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. पूर्वी हे गाव चांदा जिल्ह्यात होते. १९८२ साली गडचिरोली हा नवा जिल्हा निर्माण झाला, तेव्हा ते त्यात गेले. जुन्या काळी एखादा परदेशी मनुष्य या अरण्यप्रदेशात आलाच, तर तो बहुधा सरकारी अंमलदार असे, शिकारी असे, अथवा मार्कंड्याची शिल्पे पाहावयास आलेला एखादा पंडित असे. प्रसिद्ध पुराणवस्तुसंशोधक अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देवळांचे वर्णन लिहून ठेविले आहे. साहेब आला म्हणजे गावकऱ्यांनी त्याचा तंबू ठोकावा, त्याला पाणी भरावे, त्याचे सामान पुढच्या मुक्कामी पोचवावे, अशी त्या काळची रीत होती.

स्वातंत्र्यानंतर याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, वरोरा गावाजवळ, जे परदेशी पाहुणे आले, ते या सर्वांहून निराळे होते. त्यांनी कोणाकडून ओझे वाहविले नाही. मातीची घमेली ते स्वतःच उचलीत होते. आणि ज्यांच्या सोबतीला ते राहावयास आले होते, त्यांच्या सावलीलाही उभे राहण्यास त्या काळी माणसे कचरत असत.

ती वस्ती म्हणजे आनंदवन. मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे हे वरोऱ्याचे एक वकील. त्यांचा जन्म हिंगणघाट येथे १९१४ साली झाला. घरची श्रीमंती होती. वकिलीही चांगली चालली होती. परंतु गावातील भंग्यांचे काम किती कष्टाचे आहे हे समजावे म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. असा हा धीट मनुष्य एकदा भ्याला. पावसाच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगाने पार झडून गेलेला तुळशीराम नावाचा एक मनुष्य त्यांना दिसला आणि ते तेथून दूर पळाले. मग त्यांना आपल्या भीतीचीच लाज वाटू लागली. ते परत गेले. त्यांनी त्याला आडोसा करून दिला व त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्यास जाऊन त्यांनी या रोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले, आणि १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली.

सरकारकडून समितीला वरोऱ्याजवळ पन्नास एकर जागा मिळाली. जागा कसली, खडक आणि झुडपे! १९५१ साली बाबा व त्यांच्या पत्नी साधनाताई तेथे राहावयास गेली. बरोबर विकास व प्रकाश ही दोन लहान मुले होती. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, चार कुत्री आणि चौदा रुपये, एवढेच त्यांचे भांडवल होते. विंचूसापांना तोटा नव्हता. पाणी मात्र नव्हते. म्हणून पहिले काम विहिरीचे निघाले. वैदर्भीय उन्हाळ्यात खडकावर सब्बल मारणे धडधाकट माणसालाही जड जाते. येथे तर खणणाऱ्यांच्या हातांची बोटे आखूड झालेली होती. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. कातडी सोलली तरी दुखत नाही, म्हणून जखम वाढत जाते. तरीही सहा आठवडे ते खणीत राहिले आणि अखेर पाणी लागले.

पाणी आले, तशी जमीन हिरवी झाली. भाजीपाला पिकू लागला. एव्हाना वस्तीही वाढली होती. वस्तीला पुरून उरेल इतका भाजीपाला झाला, तेव्हा तो वरोऱ्याच्या बाजारात न्यावा असे ठरले. येथे मात्र खडकाहून कठीण असे काही आडवे आले. आनंदवनातील भाजी कोणी विकत घेईना. कुष्ठरोग्याच्या हातचे कसे खावे, ही शंका प्रत्येकाच्या मनात होती.

ही शंका दुष्टपणाची होती असे म्हणता येणार नाही. ती अज्ञानाची होती. नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी या रोगाचे जंतू १८७३ सालीच शोधून काढले होते. बहुसंख्य माणसांच्या अंगी या जंतूंशी टक्कर देण्याची शक्ती उपजतच असते. शेतात पिकलेल्या भाजीतून हा रोग कोणास होत नाही. रोग आटोक्यात आणणारे औषधही तोपर्यंत निघाले होते. परंतु हे ज्ञान पुस्तकांत होते. बाजारात भाजीच्या टोपलीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात शेकडो वर्षांचे भय होते. बाबांनी समजावून सांगितले तरी ते जाईना. कारण बाबा हे त्या लोकांच्या दृष्टीने आता त्या वस्तीचेच झाले होते. बाहेरच्या कोणीतरी येऊन, सर्वांच्या देखत, ती भाजी खाणे आवश्यक होते.

असे बाहेरचे लोक खरोखरच आले. त्यांच्या संस्थेचे नाव सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी सेवादल. या दलाची हकिकत जाणण्यासारखी आहे. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. फ्रान्समध्ये वेर्दां या शहराच्या आसपास लढाई इतकी भयंकर झाली होती की, कित्येक गावांचे नुसते ढिगारे उरले होते. प्येर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनिअर १९२० साली काही सोबत्यांसह त्यांपैकी एन या गावी गेला. सोबत्यांत जर्मनही होते. कालपर्यंत शत्रू असलेल्यांनी ते गाव मिळून उभारावे, असा सेरेसोलचा विचार होता. गवंडीकाम, सुतारकाम, रस्ते साफ करणे अशी कामे त्यांनी हिवाळाभर केली. परंतु जर्मनांविषयीचा राग अजून निवला नव्हता. जर्मनांना येथून घालवा, असा वरून आग्रह झाला. तेव्हा जर्मनांना एकटे पाठविण्याऐवजी सगळी तुकडीच ते काम सोडून निघून गेली. पुढे या दलाने आपली खूण म्हणून मोडलेली तलवार आणि तिच्यावर फावडे असे चित्र घेतले. ते त्यास शोभून दिसते.

याच सेरेसोलचा हिंदुस्थानाशीही संबंध आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली तेथे मदतीचे काम चालू होते. सेरेसोल तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, तरी तो बोटीने निघून आला व मुझफ्फरपूर भागात पुराच्या पाण्यापासून सुरक्षित अशा उंच जागी नवी गावे वसविण्याच्या कामास लागला. त्याच्या सोबत्यांत इंग्रजही होते. इंग्रजांचे राज्य असताना इंग्रज मनुष्य हिंदी मजुरांच्या रांगेत उभा राहून माती उपसतो, हे दृश्य त्या काळी किती चमत्कारिक वाटले असेल, याची कल्पना आज सहज येणार नाही. १९४५ साली सेरेसोल मरण पावला. पण त्याच्या दलाची माणसे १९५० पासून पुन्हा भारतात येऊ लागली. फाळणीमुळे घरेदारे सोडून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीजवळ फरिदाबाद हे नवे शहर वसत होते. तेथे त्यांनी काम केले. आनंदवनाची स्थापना झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची एक तुकडी वरोऱ्यास आली. तीत नाना देशांचे तरुण आणि तरुणी होत्या. कुष्ठरोग्यांसाठी दवाखान्याच्या इमारती बांधावयाच्या, हे त्यांचे काम होते. आणि तेथे ते सुमारे तीन महिने राहिले.

या दलाचे नियम साधे आहेत. स्वयंसेवकाला पगार नाही. राहण्याजेवण्याची सोय आणि अगदी लहानसा हातखर्च, एवढेच त्याला मिळते. जेथे काम असेल, तेथील लोकांप्रमाणे राहावयाचे. कोणाला धर्माचा अथवा राजकारणाचा उपदेश करावयाचा नाही. 'शब्द नव्हे, कृती' हेच त्यांचे ब्रीद आहे. नियम वाचावयास सोपे असतात. पाळताना त्यांची किंमत कळते. थंड मुलखातील माणसाला येथील ऊन सोसावयाचे, जमिनीवर मांडी घालून जेवावयाचे, भाकरी हाताने मोडावयाची, आणि सोबत्याशी एकही समान भाषा नसताना दिवसभर त्याच्या बरोबरीने काम करावयाचे. परंतु विटेचे घमेले पुढच्या हातात देण्यास भाषा फारशी लागत नाही. 'घे', 'दे', 'थांब' एवढे शब्द तर पहिल्या दिवशीच येतात.

त्या दवाखान्याच्या भिंती त्या तुकडीवाचून उभ्या राहिल्या नसत्या काय? राहिल्या असत्या. ज्यांनी बोटे झडलेल्या हातांनी खडकातून विहीर काढली, त्यांनी भिंतीही बांधल्या असत्या. थोडा अधिक काळ लागला असता, इतकेच. पाहुण्यांचे खरे काम कुदळीने झाले नाही. ते जेवताना झाले. ते आनंदवनात राहत होते. आनंदवनाच्या विहिरीचे पाणी पीत होते. कुष्ठरोग्यांनी पेरलेली, खुरपलेली, तोडलेली भाजी त्यांच्या ताटात होती, आणि ती खाऊन ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभे राहत होते.

वरोऱ्यात या गोष्टीची चर्चा झाली नसती तरच नवल. प्रथम लोक केवळ कुतूहलाने येऊ लागले. एवढ्या दूरदेशचे शिकलेसवरलेले तरुण चिखलमातीत काम करतात, हे त्यांना पाहावयाचे होते. पाहावयास येणारा मनुष्य वस्तीच्या कुंपणाच्या आत येतो. आणि आत आला म्हणजे त्याला केवळ पाहुणेच दिसतात असे नाही. त्याला शेत दिसते, विहीर दिसते, गोठा दिसतो, आणि ज्यांना आपण रस्त्यावर भीक मागताना पाहिले, तीच माणसे येथे कामात गढलेली दिसतात. जे हजारो कोसांवरून आले त्यांना काही होत नाही, मग आपल्यालाच काय होणार आहे, हा विचार मनात येण्यास पुढे वेळ लागला नाही. हळूहळू आनंदवनाचा भाजीपाला वरोऱ्याच्या लोकांनी घेण्यास प्रारंभ केला.

यात थोडी खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे, तीही सांगितली पाहिजे. जे बाबा आमटे व साधनाताई ही दोघे आपल्या लहान मुलांसह त्याच वस्तीत राहून रोज दाखवीत होती, ते पटण्यास लोकांना परदेशी माणसांची साक्ष लागली. घरच्या माणसाचे म्हणणे बाहेरच्याच्या तोंडून ऐकले म्हणजे अधिक खरे वाटते, हा अनुभव वरोऱ्यापुरताच नाही. परंतु साक्ष कोणाचीही असो, बाजारातील टोपली रिकामी होऊ लागली; आणि आनंदवनातील शेतकऱ्यांना ती रिकामी टोपली फार मोलाची होती. भीक म्हणून मिळालेला पैसा आणि विकलेल्या भाजीचा पैसा यांतील फरक त्यांच्याइतका कोणाला कळणार?

काम संपले आणि तुकडी निघून गेली. असे दल एका ठिकाणी घर करून राहत नाही. पाहुण्यांपैकी बहुतेकांची नावे वरोऱ्यात आज कोणाला ठाऊकही नसतील. पुढेही आनंदवनास परदेशी मित्र लाभले. पोलिओने पाय निकामी झालेला आर्थर टार्नोवस्की हा प्रवासी तेथे आला. अपंग मुलामुलींना धंदेशिक्षण देणारे 'संधिनिकेतन' उभारण्याच्या कामी त्याचे साहाय्य झाले. १९६४ साली आनंदवनाने वरोऱ्यात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केले. ज्या गावाने एके काळी या लोकांची भाजी घेतली नव्हती, त्या गावाची मुले त्यांनी उभारलेल्या महाविद्यालयात शिकू लागली.

त्यानंतर बाबांची दृष्टी पूर्वेकडे वळली. १९६७ साली मूल गावाजवळ, जंगलाच्या कडेला, सोमनाथ येथे नवा प्रकल्प सुरू झाला. येथून वैनगंगा ओलांडून मार्कंड्यास जाता येते. सोमनाथलाही कुष्ठमुक्त माणसांनीच जंगलालगतची जमीन लागवडीस आणली आणि तेथे भाताची शेती केली. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तेथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरली. या वेळी फावडे घेऊन आलेले तरुण दूरदेशचे नव्हते; ते नागपूर, पुणे, मुंबई अशा गावांहून आले होते. तीही छावणी उन्हातच भरे. तिच्यातही पहाटे उठून मातीकाम करावयाचे असे, आणि दुपारच्या पंगतीत शहरातील विद्यार्थी व सोमनाथचे शेतकरी यांच्या ताटांत तोच, त्या शेतात पिकलेला भात असे.