शिक्षण आणि आयुष्यभराची कमाई

"शिकून मिळणार काय?" अण्णांचा हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या तासाला आठवला. थिओडोर शुल्ट्झ (नोबेल, १९७९) यांच्या मते शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. विद्यार्थ्याची बुडालेली मजुरीही त्यात धरावी लागते. मी हिशेब मांडला : रोज ४०० रुपये, वर्षाला २०० दिवस, पदवीच्या तीन वर्षांचे २,४०,००० रुपये. पोटाला चिमटा घेऊन घर ही गुंतवणूक करीत आहे.

मजुराची कमाई अंगातल्या बळाबरोबर ओसरते. शिकलेल्याची बहुधा अनुभवाबरोबर वाढते. म्हणून उशिरा सुरू होऊनही ती पुढे जाऊ शकते. मात्र मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखविले, की पदवी ही नोकरी देणाऱ्यासाठी नुसती खूणही असू शकते. अण्णांना मी एवढेच म्हणालो, "कागद नव्हे, काम येईल एवढी विद्या आणीन."