गालावरची सावली

आषाढात हमरापूर स्टेशनवर उतरून जोह्याच्या रस्त्याला लागलं, की पावसाच्या सरीतूनही कम्प्रेसरची घरघर कानावर येते. पेण शहर आणि भोवतालची हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं या दिवसांत गणपतीची झालेली असतात. ओटीवर मूर्ती, पडवीत मूर्ती, परसात ताडपत्रीखाली मूर्ती; घरच्यांना त्यातूनच वाट काढत वावरावं लागतं. अशाच एका कारखान्यात अलिबागहून आलेली पुतणी छत्री झटकत शिरली. चित्रकलेची पदविका नुकतीच हाती पडली होती, पणत्या रंगवून साठवलेले पैसे जवळ होते आणि मोबाइलवर एअरब्रशची भलीमोठी यादी उघडलेली होती.

काका दीड फुटी मूर्तीच्या गालावर शेडिंग देत होते. हात थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"काका, मला सगळ्यात बारीक रेघ मारणारी गन घ्यायची आहे. पॉइंट एक-पाचची मिळते म्हणे."

"रेघ कशावर मारायचीय?"

"म्हणजे?"

"कागदावर, शाडूवर, की मोबाइलच्या कव्हरावर? ते ठरल्याशिवाय गन कशी ठरणार?"

पुतणी स्टूल ओढून बसली. काकांनी आधी तिला तो आकडा समजावून दिला. एअरब्रशच्या तोंडाशी एक इवलंसं नोझल असतं आणि त्यातून टोकदार सुई आरपार जाते. सुई पुढे असली की भोक बंद. ती केसभर मागे सरकली की भोवतीच्या फटीतून रंग ओढला जातो आणि हवेच्या झोतात त्याची वाफेसारखी फवार होते. पॉइंट एक-पाच, पॉइंट दोन, पॉइंट तीन, पॉइंट पाच हे सगळं त्या नोझलच्या भोकाचं माप, मिलिमीटरमध्ये.

"मग जितकं भोक लहान तितकी रेघ बारीक. माझं बरोबरच आहे की!"

"अर्धं बरोबर आहे. भोकाने ठरतं ते रेघ किती बारीक येऊ शकते एवढंच. ती खरोखर येते का, हे रंग किती पातळ, हवा किती, गन किती जवळ आणि बोट किती हलकं यावर. पॉइंट तीनच्या गनने पेन्सिलीएवढी रेघ आरामात येते. पॉइंट एक-पाचमध्ये आपला रंग घातला तर दुसऱ्या मिनिटाला तोंड बंद."

आपला रंग म्हणजे पाण्यातला रंग. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात नैसर्गिक, पाण्यात विरघळणाऱ्या, बिनविषारी रंगांवर भर दिला. शाडूच्या मूर्तीला असा रंग शोभतोही. पण गनच्या दृष्टीने तो खोडकर. पोस्टर कलरची पूड भरड असते, आणि ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळून बसतं. टोकावर साय धरली, की फवार आधी अडखळते आणि मग एकदम थुंकते. बारीक नोझल सगळ्यात आधी रुसतं ते यामुळे.

"म्हणून रंग वस्त्रगाळ करायचा," काका म्हणाले, "आणि दुधाइतका पातळ. गाईच्या दुधाइतका, म्हशीच्या नाही. वाटीच्या कडेला लावून बघ. सरकन उतरला आणि मागे पातळ पडदा राहिला, तर जमला. ॲक्रिलिक असेल तर वाळणं लांबवणारं रिटार्डर दोन थेंब. आणि मधून मधून ओल्या ब्रशने सुईचं टोक पुसायचं. काम कितीही रंगात आलं तरी."

नंतर काकांनी हातातली गन तिच्या हातात दिली. दिसायला जाडसर पेनासारखी, वर छोटी वाटी, आणि तर्जनीखाली एक खटका. कंपनी विचारली तर इवाता, जपानी; मॉडेल एचपी-सी प्लस, नोझल पॉइंट तीन. कारखान्यातल्या दुसऱ्या दोन गन साध्या चिनी बनावटीच्या होत्या, किमतीला कितीतरी कमी.

"दाब."

तिने खटका दाबला. नुसती हवा आली.

"आता दाबलेला ठेवून हळूच मागे ओढ."

समोरच्या रद्दी पेपरवर निळा ठिपका उमटला आणि बघता बघता वाटाण्याएवढा झाला.

"याला डबल ॲक्शन म्हणतात. खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. दोन्ही एकाच बोटात. सिंगल ॲक्शनमध्ये दाबलं की दोन्ही एकदम येतं, आणि रंग कमी-जास्त करायचा तर हात थांबवून मागचा स्क्रू फिरवावा लागतो. मूर्तीला सपाट बॉडी कलर मारायला ते चालेल. पण कानापासून निघून गालावर विरून जाणारी सावली त्याने येणार नाही, कारण तिथे रंग हात चालू असतानाच कमी करत न्यायचा असतो. तेव्हा बारीक कामाला डबल ॲक्शन. यात मी कुणाचं ऐकणार नाही."

पेणच्या मूर्तीचं नाव झालं ते या विरण्यावर. गालाचा गुलाबी कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे बघणाऱ्याला कळता कामा नये. सोंडेच्या वळ्यांमधली, बोटांच्या बेचक्यातली, पोटाच्या घडीखालची सावली अशी पडली पाहिजे की माती मऊ वाटावी. कुंचल्याने हे करायला ओल्या रंगावर ओला रंग चढवावा लागतो, आणि कोरडा शाडू पाणी पिऊन टाकत असल्याने तेवढी सवड तो देत नाही. हवेने उडवलेला रंग मात्र थेंबाथेंबाने बसतो आणि बसताक्षणी वाळतो. मातीला ओल लागत नाही.

या यंत्राची जन्मकथाही गालाशी जवळची आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ॲबनर पीलर नावाच्या कारागिराने १८७९ मध्ये ते पहिल्यांदा जुळवलं. शिवणयंत्राची वाकवलेली सुई, जुना चमचा, लाकडाचे ठोकळे असल्या सामानातून. जलरंगांसाठी आणि छायाचित्रांतले चेहरे रंगवण्यासाठी ते वापरात आलं. पेनासारखं हातात बसणारं, रंग आणि हवा आतल्या आत मिसळणारं रूप त्याला दिलं चार्ल्स बर्डिकने, १८९३ मध्ये. आजच्या बहुतेक गन त्याच घराण्यातल्या.

"वाटी वरच का? काहींना खाली बाटली असते."

"बाटलीतला रंग वर खेचायला हवेचा जोर जास्त लागतो. वाटी वर असली की रंग आपल्या वजनाने उतरतो, म्हणजे कमी हवेवर काम होतं. आणि बारीक कामात कमी हवा हवीच. जवळ जाऊन जोराची हवा मारलीस तर ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा चारी दिशांना पळतो. मी गालाला हवेचा दाब पंधरा ते वीस पीएसआय ठेवतो. रेघेला त्याहून खाली, पण मग रंगही तितकाच पातळ. हवा कमी आणि रंग घट्ट असं केलंस तर ठिपकेच ठिपके पडतात."

"आणि अंतर?"

"रेघ हवी तर एक-दोन सेंटीमीटर. सावली हवी तर वीतभर."

कम्प्रेसर मध्येच धडधडून बंद पडला. टाकी भरली होती. काका उठले, टाकीच्या पोटाखालची तोटी त्यांनी सैल केली आणि खाली पत्र्याचा डबा धरला. फस्स करून हवा सुटली आणि मागोमाग गढूळ, तांबूस पाणी. डब्यात बोटभर साठलं.

"हे कुठून आलं?"

"याच हवेतून. आपल्याकडे जुलैत हवा नसते गं, पाणीच असतं."

हिशेब सोपा आहे. अठ्ठावीस अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सत्तावीस ग्रॅम वाफ मावते, आणि कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात त्यातले वीस-बावीस ग्रॅम सहज भरलेले असतात. कम्प्रेसरने ती हवा सातव्या हिश्श्यात कोंबली आणि टाकीत ती निवली, की तिच्यात जेमतेम चार ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या वाफेचं पाणी होतं. छोटा एअरब्रश मिनिटाला साधारण दहा-पंधरा लिटर हवा खातो, म्हणजे तास-दीड तासाच्या कामात एक घनमीटर संपते आणि तीन-चार चहाचे चमचे पाणी टाकीत उतरतं. ते तिथे राहिलं तर ठीक. नळीतून पुढे सरकलं तर?

काकांनी कोपऱ्यातली एक मूर्ती दाखवली. डाव्या गालावर, रंगाच्या मधोमध, मसुराएवढा फिकट डाग. सगळं काम झालं होतं, शेवटचा हात फिरत होता आणि गनमधून पाण्याचा एकच थेंब उडाला. तो गाल घासून पुन्हा पांढऱ्यापासून सुरुवात करायची होती.

"तेव्हा तुझ्या यादीत आधी हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लिही. कम्प्रेसरवर एक असतोच, पण नळीत हवा आणखी निवते, म्हणून दुसरा गनच्या अगदी जवळ. आणि टाकी रोज संध्याकाळी रिकामी करायची. टाकीचा कम्प्रेसर घे. बिनटाकीच्या छोट्यात हवेला ठोके पडतात आणि रेघेत ते दिसतात."

पुतणीने लिहून घेतलं. मग मूळ प्रश्नावर परत आली, कारण तो तिच्या मनातून गेलेला नव्हता. "पण काका, ते पॉइंट एक-पाचवाले वेडे आहेत का?"

"मुळीच नाही. जर्मनीची हार्डर अँड स्टीनबेक पॉइंट एक-पाचची सुई देते, इवाताची कस्टम मायक्रॉन पॉइंट एक-आठची आहे. नखावर चित्र काढणारे, बोटभर उंचीचे सैनिक रंगवणारे, हेल्मेटवर माणसाचा चेहरा उतरवणारे त्या वापरतात. त्यांचा रंग शाईसारखा असतो, पूड अतिशय बारीक. त्यांचं काम तळहाताएवढं, आपलं दीड फुटाचं. आपल्या वाटीभर रंगाला तिथे चार वाट्यांचा वेळ लागेल. शिवाय ते नोझल बघितलंस? तांदळाच्या कणीएवढं, आट्यांवर बसवलेलं. पान्याचा एक वेढा जास्त झाला की तडकलं. तडकलं की वाटीत बुडबुडे येतात आणि काम बंद. नवं नोझल पेणमध्ये नाही मिळणार. मुंबईहून किंवा कुरिअरने येईपर्यंत श्रावण लागेल."

हा मुद्दा कुठल्याही यादीत ठळक लिहिलेला नसतो, आणि खरं तर तोच पहिला असायला हवा. ज्या गनची सुई आणि नोझल चार दिवसांत हातात पडत नाही, ती हंगामात कितीही उत्तम असली तरी काय कामाची? स्वस्त गन घेऊ नये असंही नाही. दोन-अडीच हजारांच्या गनवर हात बसतो आणि सोनेरी रंगासाठी ती मुद्दाम वेगळी ठेवावीच. मुकुटाच्या सोनेरीतले कण मोठे आणि चपटे असतात. त्यांना पॉइंट पाचचं तोंड लागतं, आणि धुतल्यावरही त्यातला एखादा मागे राहून दुसऱ्या दिवशी गालावर चमकतो.

"दुकानात गेलीस तर काय बघशील?"

"खटका?"

"खटका बघच. मागे नेताना कुठे अडकता कामा नये. पण आधी सुई." काकांनी गनच्या मागची टोपी काढली, सुई हलकेच ओढून घेतली आणि टेबलाच्या काचेवर आडवी ठेवून बोटाने घरंगळवली. ती एकसारखी गडगडत गेली. मग दुसऱ्या गनची सुई ठेवली. तिचं टोक प्रत्येक फेरीला किंचित उचललं जात होतं, डोळे बारीक केले तरच दिसेल इतकं. "ही एकदा वाटीच्या कडेला आपटली. आता अंगठ्याच्या नखावर टोक ओढून बघ."

तिने ओढलं. पहिली सुई नुसती सरकली, दुसरी ओरखडत गेली.

"त्या वाकलेल्या टोकानं फवार एका बाजूला फेकली जाते. माणूस म्हणतो नोझल खराब, रंग खराब, कम्प्रेसर खराब. असते वाकडी सुई. म्हणून गनबरोबरच एक जादा सुई आणि एक जादा नोझल घ्यायचं. आणि मास्क. ही धूळ छातीत जाते, पाण्याचा रंग असला तरी जाते."

बाहेर पाऊस वाढला होता. आतल्या खोलीत काकू गालांचं काम झालेल्या मूर्तींच्या रांगेसमोर पाटावर बसल्या आणि त्यांनी नुसती मान वळवून बघितलं. काकांनी कम्प्रेसरचं बटण बंद केलं.

"का बंद केलं?" पुतणीने हळूच विचारलं.

"आखणी आहे."

"डोळे गनने नाही करत?"

"पापणीखालची सावली गनने. डोळ्याची रेघ कुंचल्याने. फवारलेल्या रेघेला कितीही जवळ गेलीस तरी कडेला धूसर पदर राहतो. डोळ्याला धूसर कड चालत नाही, नजर लागत नाही."

काकूंनी श्वास रोखला, शून्य नंबरचा कुंचला डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर टेकवला आणि वरची पापणी एका दमात ओढली. कुणी बोललं नाही. उजवा डोळा झाल्यावर त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला, तेव्हा पुतणीला आपणही श्वास धरून ठेवला होता हे कळलं.

तिने मोबाइल काढला, यादीतल्या वरच्या तीन गन खोडल्या. खाली लिहिलं: पॉइंट तीन, डबल ॲक्शन, वरची वाटी, जादा सुई, जादा नोझल, दोन ट्रॅप. काकांनी वाचून मान हलवली आणि फळीखालची टोपली पुढे ओढली. तिच्यात साच्यातून काढताना तुटलेले मूर्तींचे हात होते, वीस-पंचवीस, सगळे पांढरे.

"गन येईपर्यंत माझी वापर. बोटांच्या बेचक्यातून सावली काढ, पण नखावर रंग उडता कामा नये."

"आणि चेहरा कधी?"

"टोपली संपू दे."

काकूंचा चौथा चेहरा झाल्यावर कम्प्रेसर पुन्हा सुरू झाला. पुतणीने पहिला हात उचलला, आधी हवा सोडली, मग खटका केसभर मागे घेतला.