एकट्याने सॉफ्टवेअर तयार करताना

नांदेड-लातूरच्या व्यापारी घरांतील होतकरू मुले संगणकाची तालीम घेऊन दुकानासाठी एकट्यानेच सॉफ्टवेअर लिहू पाहतात. असे काम अर्धवट राहते ते बहुधा हुशारी कमी पडल्याने नव्हे, तर कामाची मांडणी चुकल्याने.

बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. हिशोबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणित शिकलेला त्यांचा मुलगा भरत याने ते लिहिले. १९८६ साली सुरू झालेल्या या कामाच्या पहिल्या आवृत्तीत फक्त मूळ हिशोब होता. तेच पुढे टॅली झाले.

पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत सर्व आराखडा आधी ठरवून क्रमाने काम करतात. तिला वॉटरफॉल म्हणतात. दुसरीत थोडे करून वापरायला द्यायचे व पाहून सुधारायचे, ती अ‍ॅजाइल. शिंपी धावदोरा घालून अंगावर बेतून पाहतो, तसेच हे.

एकट्यासाठी आम्ही दुसरी पद्धत सुचवतो. जीएसटीचेच पाहा. १ जुलै २०१७ पासून हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के व त्यावरील कपड्यांवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २५०० झाली आणि वरचा दर १८ टक्के. ज्याने दर प्रोग्रॅममध्ये जागोजागी लिहिले, त्याला सर्व उसवावे लागते. दर तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवावेत, म्हणजे जुनी बिलेही बरोबर निघतील. खाती व नोंदींचा साचा मात्र आधीच विचारपूर्वक ठरवावा. तो मागाहून बदलणे महाग पडते.

कामे अशी लावावीत :

१) वहीत तीन रकाने करावेत : करायचे, चालू, झाले. जपानच्या टोयोटा कारखान्यातील चिठ्ठ्यांच्या कानबान पद्धतीचे हे सोपे रूप आहे.

२) 'चालू'मध्ये एका वेळी एकच काम असावे.

३) काम एक-दोन दिवसांत संपेल इतके लहान असावे. 'उधारी विभाग' हे काम नव्हे. 'जमा रक्कम बाकीतून वजा करणे' हे काम.

४) नवी मागणी आली की लगेच हात घालू नये. ती वहीत लिहावी आणि आठवड्यातून एकदा क्रम लावावा.

५) रोजच्या बदलांची नोंद गिटमध्ये ठेवावी आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी.

६) निदान महिनाभर जुनी वही व सॉफ्टवेअर सोबत चालवावे आणि रोज रात्री बाकी जुळवावी. उधारीची एक नोंद चुकली तर पैसाही जातो आणि गिऱ्हाईकही.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलाला आधी फक्त बिल व उधारी एवढेच मागा. रोज नवी फर्माईश केल्यास चांगला कारीगरही कपडा पुरा करू शकत नाही.