यात्रेची बस ठरविण्यापूर्वी

यात्रेचा संकल्प सोडताना मुहूर्त, मुक्काम आणि महाप्रसाद यांची चौकशी आस्थेने केली जाते. ज्या वाहनातून चाळीस-पन्नास जीव प्रवास करणार, त्याची चौकशी मात्र पुष्कळदा भाड्यापुरतीच राहते. दि. 13 जानेवारी 2023 रोजी सिन्नर-शिर्डी मार्गावर पाथरे गावानजीक, साईदर्शनास निघालेल्या भाविकांची खासगी बस आणि ट्रक यांची धडक होऊन 10 जण मृत्युमुखी पडले. प्रत्येक अपघात टाळता येतोच असे नाही. परंतु वाहनाची नोंद आधी पाहून घेणे प्रत्येक यात्रा मंडळाच्या हाती आहे.

नोंद कशी पाहावी?

अमेरिकेत आंतरराज्य प्रवासी बस चालविणाऱ्या कंपनीस केंद्र सरकारचा क्रमांक घ्यावा लागतो. त्यावरून तिच्या मागील 24 महिन्यांतील तपासण्या व अपघात कोणासही पाहता येतात. आपल्याकडे सामान्य प्रवाशास नोंद पाहता येते ती वाहनाच्या क्रमांकावरून. म्हणून कंपनीच्या नावलौकिकावर विसंबू नये. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बसचा क्रमांक मागून घ्यावा. केंद्र सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर किंवा 'एमपरिवहन' या मोबाईल ॲपवर तो भरल्यास वाहनाचा प्रकार, योग्यता प्रमाणपत्र, विमा व पी.यू.सी. यांच्या मुदती दिसतात.

काय पाहावे?

1. योग्यता प्रमाणपत्र : व्यवहारात यालाच 'पासिंग' म्हणतात. आठ वर्षांपर्यंतच्या प्रवासी वाहनास ते दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. यात्रेहून परतेपर्यंत त्याची मुदत शिल्लक असावी.

2. विमा व परवाना : डिझेलवर चालणाऱ्या भाड्याच्या वाहनाची क्रमांकपाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन स्वस्त पडते म्हणून भाड्याने घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईवरच वाद उभा राहतो. परराज्यात जावयाचे असल्यास तेथील परवाना आहे ना, हे विचारावे.

3. आसनसंख्या : नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही प्रवासी अधिक घेऊ नये.

4. चालक : कायद्यानुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तासांचे आहे. रात्रभर बस चालवून सकाळी दर्शन व लगेच परतीचा प्रवास, असा बेत असेल तर दुसरा चालक घ्यावाच. त्याचा खर्च वर्गणीत आधीच धरावा.

प्रस्थानाच्या दिवशी

ठरविलेली बस ऐनवेळी बदलून दुसरीच दारात उभी राहते, असे घडते. अशा वेळी सामान चढविण्यापूर्वी नव्या क्रमांकाची नोंद पुन्हा पाहावी. संकटकालीन दरवाजा उघडतो का, तो पिशव्यांनी अडलेला नाही ना, अग्निशामक नळकांडे जागेवर आहे का, हेही प्रत्यक्ष पाहावे. नोंदीत दोष आढळल्यास बस नाकारण्याचा संकोच करू नये. दर्शनास थोडा उशीर झाला तरी चालेल. देव कोठे जात नाही.

घरी वाट पाहणाऱ्यांकडे प्रत्येक भाविक सुखरूप परतला, म्हणजेच यात्रा सुफळ संपूर्ण झाली.