बंबाच्या दाराची खिटी

(इयत्ता ४ थी)



बंब हे पाणी तापविण्याचे साधन आहे. तो तांब्याचा किंवा पितळेचा असतो. मधोमध एक नळी असते. नळीत जाळ होतो आणि नळीच्या भोवती पाणी असते. नळीच्या खाली जाळी असते. जाळीतून राख खाली पडते. ती राख काढण्यासाठी आणि जाळाला हवा मिळण्यासाठी खाली पत्र्याचे लहान दार असते. त्या दाराला जी खिटी असते तिच्याविषयी मी लिहिणार आहे. बाजूच्या चित्रात खिटीला लाल रंग दिला आहे. खरी खिटी काळी असते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खिटीवर काय लिहायचे? पण आपल्या भागात धान पिकते. दिवाळीच्या सुमारास धान कापले की त्याचे पुंजणे रचतात. मळणी झाली की अंगणात तणसीचा ढीग येतो. आणि थंडी पण तेव्हाच पडते, म्हणून बंब पण तेव्हाच पेटतो. खिटी तुटली की दार उघडे पडते आणि निखारा बाहेर येतो. माझी आजी रोज सांगते, "खिटी लावून देजो रे, इस्तो बाहीर आला त तणसीले लागल." पुंजणे जळाल्याच्या बातम्या पेपरात येतात. पुंजणे जळाले म्हणजे त्या घरची वर्षाची कमाई गेली.

आता घरोघरी गॅस आला आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. पण सगळ्यांच्या आंघोळीचे पाणी गॅसवर तापविले तर सिलिंडर लवकर संपते, म्हणून आमच्या घरी बंब आहेच. आणखी एक गोष्ट आहे. आपल्या धरणाचा पायाचा दगड २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविला. पुढे पाणी अडले आणि कित्येक गावांना उठून दुसरीकडे जावे लागले. चूल मातीची असते, ती उचलून नेता येत नाही, नव्या जागी पुन्हा घालावी लागते. बंब मात्र सोबत नेता येतो.

आमच्या बंबाची खिटी मागच्या थंडीत निखळली. बाजारातून ती झाळून आणली. झाळ म्हणजे कथील आणि शिसे मिसळून केलेला धातू. तो वितळवून सांध्यावर टाकतात. झाळलेली खिटी चांगली चकचकीत दिसत होती. चार दिवसांनी ती राखेत पडलेली सापडली. मग बाबा दार काढून लोहारकाकांकडे घेऊन गेले. मी पण गेलो. काका दार पाहून हसले आणि म्हणाले, "जिथं इस्तो लागते तिथं झाळ टिकत नाही बापू."

मी विचारले, बंबाच्या टाकीला पण झाळ आहे, तो कसा टिकतो? काका म्हणाले, "तिथं पाणी हाये." ते मला तेव्हा समजले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. गुरुजींनी फळ्यावर आकडे लिहून दिले. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. शिसे ३२७ अंशांना वितळते. पण दोन्ही मिसळले तर त्याहून कमी उष्णतेला, १८३ अंशांनाच वितळू लागते. पाणी १०० अंशांना उकळते, त्याच्या वर जात नाही. म्हणून ज्या सांध्याच्या मागे पाणी आहे तो सांधाही फार तापत नाही आणि तिथला झाळ शाबूत राहतो. दाराच्या मागे पाणी नसते, निखारे असतात. लाल निखारा ६०० अंशांच्या वर असतो. मग झाळ कसा राहील? यावरून हे पण कळते की बंबात पाणी नसताना जाळ करू नये. तसे केले तर टाकीचे सांधे सुटतात आणि बंब गळू लागतो. लोखंड १५३८ अंशांना वितळते. एवढा जाळ बंबात होत नाही.

आता नवी खिटी कशी केली ते सांगतो. जुन्या खिटीच्या मापाची लोखंडी पट्टी घेतली. ती भट्टीत लाल केली आणि ऐरणीवर ठोकून एका टोकाला वाकविली. बाबांनी जुन्या बादलीचा पत्रा नेला होता, तो काकांनी घेतला नाही. त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. भट्टीत तापविला की जस्ताचा धूर होतो आणि तो धूर नाकात गेला की माणसाला थंडीताप येतो. पट्टीला भोक पाडले, कानशीने धार घासून काढली, आणि रिबीट घालून दाराला ठोकली. रिबीट म्हणजे डोक्याचा जाड खिळा. दुसऱ्या बाजूने ठोकून त्याला दुसरे डोके करतात.

ठोकण्याच्या आधी काकांनी एक गंमत केली. लग्नाच्या जुन्या पत्रिकेचा तुकडा कापला, त्याला भोक पाडले आणि पट्टी व दार यांच्या मधात घातला. मग रिबीट ठोकली. मग तो कागद ओढून फाडून काढला. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली. खिटी सैल झाली पण हलत नव्हती, बोटाने सहज फिरत होती. अशी फट का ठेवतात? लोखंड तापले की वाढते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसविताना आपण पाहिले आहे. धाव तापवून मोठी करतात, चाकावर घालतात, पाणी ओतले की ती आवळून बसते. लोखंडाची १ मीटर लांब पट्टी १०० अंशांनी तापली तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. खिटी लहान आहे, ती थोडीच वाढते. पण मधात राख आणि गंज पण शिरतो. घट्ट ठोकली तर ती अडकते, मग कोणी तरी दगडाने मारते आणि ती तुटते. आमची पहिली खिटी अशीच तुटली असावी असे बाबांचे मत आहे. माझे पण तेच आहे.

तिसरीत आपण शिकलो की तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजरुक येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. मॅंगनीज पोलाद तयार करण्यासाठी वापरतात. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. बंबाचे सामान आपल्याच जिल्ह्याच्या ओळखीचे आहे असे मला वाटले.

खिटीला तेल घालायचे नाही. तेल जळते, धूर होतो आणि चिकट काजळी बसते. खिटी अडू लागली तर बंब पूर्ण थंड झाल्यावर पेन्सिलचे शिसे घासावे. त्याला शिसे म्हणतात, पण ते ग्राफाइट असते. ते जाळाने वितळत नाही. थंड झाला की नाही हे आधी मोठ्या माणसाला पाहू द्यावे, कारण राखेच्या खाली निखारा रात्रभर जिवंत राहतो.

दाराला जी भोके आहेत ती बुजवू नयेत. हवा कमी पडली की लाकूड नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून दार खिडकी बंद करून न्हाणीत बंब पेटवू नये. आमचा बंब सपरीच्या बाहेर असतो, तणस दुसऱ्या बाजूला.

नवी खिटी करून आणेपर्यंत आम्ही दाराला वीट लावीत होतो. वीट जळत नाही, पण राख काढताना दर वेळी सरकवावी लागते आणि ते काम माझ्याकडे होते. आता ती वीट तुळशीजवळ ठेवली आहे. ज्यांना खिटी पाहायची असेल त्यांनी शाळा सुटल्यावर यावे. सकाळी येऊ नये, तेव्हा ती गरम असते.