लोखंडाच्या आधी माती

घरालगतच्या शेडमध्ये गाडीची लिफ्ट बसवायची म्हणतोस ना, बसव पोरा. मी जन्म काढला तो जॅक, घोड्या आणि लाकडी ओंडक्यांवर. खड्डाही होता. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खड्ड्याच्या तळाशी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. म्हणून लिफ्टला माझी ना नाही. फक्त कॅटलॉग मिट आणि आधी पायाखाली बघ.

आपली वैरागची रानं काळी. ही माती ज्वारीला माहेर आणि भिंतीला सासर. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. लहानपणी वैशाखात तू रानातल्या भेगेत काठी घातली होतीस, आठवतं? मुठीपर्यंत आत गेली होती. तीच माती तुझ्या शेडखाली आहे. खांब एका सुतानं कलला तरी वर गाडी किती झुकेल, याचा हिशेब कर. तेव्हा मुरूम लागेपर्यंत खणून काळी माती काढ. निघालेली माती फुकटची म्हणून परत त्याच खड्ड्यात लोटू नकोस. मुरूम आण, सहा-सहा इंचांचे थर दे, प्रत्येक थरावर पाणी मार आणि धुम्मस कर. पत्र्यावरचं पावसाचं पाणीही पन्हाळ लावून लांब सोड. माती कोरडी राहिली तर फुगणार कशाला?

शहाबादी फरशीवर लिफ्ट कधीच बसवू नकोस. फरशीखाली मसाला कुठे असतो, कुठे पोकळ असतं. बोल्ट आवळताना ती तडकते. फरशी उखड आणि सळईची जाळी टाकून एकसंध स्लॅब ओत. जाडी किती आणि काँक्रीट कुठल्या ताकदीचं, हे लिफ्टच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मिस्त्री ‘एवढं काही लागत नाही’ म्हणाला, तर पुस्तक त्याच्यासमोर धर. आपल्या मातीवर मी पुस्तकापेक्षा दोन इंच जास्तच टाकीन. मग आळं करून त्यात पाणी साठव आणि 28 दिवस थांब. सिमेंट वरून दुसऱ्या दिवशीच कडक लागतं, पण अंगात ताकद यायला महिना घेतं. एका ठिकाणी मालकाच्या घाईनं नवव्या दिवशी भोकं पाडली. पाना फिरवला तर बोल्ट आवळायच्या ऐवजी भोकातच गरगर फिरायला लागला. सगळं फोडून पुन्हा ओतावं लागलं.

बोल्टवर एवढा जीव का टाकतो, तेही ऐक. एका हातात भरलेली घागर घेतली की ती माणसाला तिकडे ओढते. दोन खांबांच्या लिफ्टचं तसंच आहे. गाडी मध्ये, म्हणून दोन्ही खांब आत झुकू पाहतात आणि मागचे बोल्ट वर उपटायला बघतात. भोकातली भुकटी फुंकून काढ, खांब ओळंब्यात धर, फट असेल तिथे पोलादी पट्टी सरकव, आणि मगच पुस्तकातल्या मापानं आवळ. आठवड्यानं पुन्हा पाना लाव.

उंचीचं गणित सोपं आहे. बोलेरो सहा फुटांच्या वर. ती सहा फूट उचललीस तर बारा फूट झाले. चौदा फुटांखाली पत्रा असेल तर आधी पत्रा उचल. तीन फेजचं कनेक्शन घेणार असशील तर लोड आधी मंजूर करून घे, आणि अर्थिंगची तार नुसती भिंतीत खुपसू नकोस.

आता वापरायचं. मोठ्या चासीच्या गाडीला पॅड चासीखाली, छोट्या गाडीला उंबऱ्याखालच्या ठरलेल्या खुणांवर. गंजलेल्या पत्र्यावर भरवसा नको. गाडी वीतभर उचल, बंपरला धक्का दे, हलली नाही तरच वर ने. इंजिन उतरवलंस की पुढचा भार जातो आणि गाडी मागे बसते, म्हणून आधी मागे उंच घोडी लाव.

आणि सगळ्यात मोलाचं काम कानाचं. वर जाताना लॉक कट-कट वाजतात. काम करायच्या उंचीवर पोचलास की लिफ्ट थोडी खाली सोडून लॉकवर टेकव, म्हणजे भार तेलावर राहत नाही, लोखंडावर येतो. आवाज दोन्ही खांबांतून आला पाहिजे. एकाच बाजूनं आला तर खाली शिरू नकोस. पण लॉकवर टेकलेली लिफ्ट बहुतेक वेळा जराशी वर उचलल्याशिवाय सुटत नाही, आणि उचलायला लाईट लागते. म्हणून लाईट जायची वेळ बघून दुसऱ्याची गाडी वर ने, नाहीतर गिऱ्हाईक खाली आणि गाडी वर, असं रात्रभर बसाल.

बिलात मुरमाची ओळ सगळ्यात बारीक असेल. तिथे हात आखडू नकोस. स्लॅब ओतशील त्या दिवशी मला हाक मार. लिफ्ट उभी राहील त्या दिवशी नाही बोलावलंस तरी चालेल.