एओ, ईरे : जाण्याचे लॅटिन क्रियापद



लॅटिनमध्ये 'जाणे' म्हणजे एओ, ईरे. धातू एका स्वराचा, इ. संस्कृतात एति, यन्ति ही रूपे देणारा इ धातू आणि हा मुळात एकच, त्यामुळे संस्कृत शिकलेल्याला तो परका वाटू नये. वर्तमानकाळ असा : एओ, ईस, इत, ईमुस, ईतिस, एउन्त. पुढे अ, ओ, उ आला की धातूचा ए होतो, एरवी इ किंवा ई राहतो. एवढे ध्यानात ठेवले की 'अनियमित' या शिक्क्याचे भय उरत नाही.

खरा घोळ छोट्या रूपांत होतो. 'एओ'चा अर्थ 'मी जातो', तसाच 'तिकडे' आणि 'त्यामुळे'ही. 'इस' ऱ्हस्व असेल तर 'तो', दीर्घ असेल तर 'तू जातोस'. छापील ग्रंथांत ऱ्हस्व-दीर्घ बहुधा दाखवत नाहीत. म्हणून वाचणाऱ्याने वाक्यात दुसरे क्रियापद आहे का, ते आधी पाहावे.

जाण्याचे ठिकाण द्वितीयेत येते, बहुधा आद किंवा इन या शब्दांसह. नगरांची नावे आणि 'घर' यांना मात्र नुसती द्वितीया पुरते : रोमाम ईरे, दोमुम ईरे. कोण जाते हे सांगायचे नसेल तेव्हा 'ईतुर' म्हणतात, हुबेहूब संस्कृतच्या 'गम्यते'सारखे.

क्रियापदाची खरी श्रीमंती उपसर्गांत आहे, आणि उपसर्गासह आलेले प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द म्हणूनच पाठ करावे. रेदेओ म्हणजे परतणे, त्रान्सेओ म्हणजे ओलांडणे. एक्सेओ म्हणजे बाहेर जाणे. नाटकातली 'एक्झिट' हे त्याचेच रूप, 'तो बाहेर जातो'. पेरेओ म्हणजे नाश पावणे. मराठीतही माणूस 'जातो', आणि 'प्रेत' शब्दात प्र उपसर्गापुढे हाच इ धातू आहे. वेनेओ फसवा : वेनुम म्हणजे 'विक्रीस', त्याला एओ जोडून 'विकले जाणे'. रूप कर्तरी, अर्थ कर्मणी.

आम्बिओ, म्हणजे भोवती फिरणे, एओसारखा चालत नाही. तो चौथ्या गणात नियमित चालतो. रोमचे उमेदवार मते मागत फिरत, त्यावरून 'आम्बितिओ' आणि पुढे इंग्रजीतली 'अ‍ॅम्बिशन' आली. 'आम्बितुस' मात्र मते विकत घेण्याच्या गुन्ह्याचे नाव झाले. इ.स.पू. 63 मध्ये रोमचा मुत्सद्दी सिसेरो याने त्याविरुद्ध कडक कायदा केला, आणि त्याच वर्षी त्याच आरोपातून मुरेना या उमेदवाराला सोडवण्यासाठी वकिलीही केली.

– मामा